घरासाठी ओव्हन निवडताना: आधी भिंत बघा, मग दुकान

ओव्हन घ्यायचा म्हटलं की चर्चा लिटरपासून सुरू होते. तीस पुरेल की चाळीस घ्यावा? मग फंक्शनची यादी, मग दाराचा रंग. यंत्र घरी आल्यावर कळतं की ओट्याजवळचं सॉकेट एवढा भार घेत नाही, किंवा नेहमीचा ट्रे आत जातो पण दार लागत नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी घरातली वीज, गॅस आणि जागा, मग तुम्ही त्यात खरोखर काय भाजणार, आणि त्यानंतर यंत्राचा प्रकार. फंक्शनं शेवटी आणि थोडक्यात, कारण बटणाभोवती बारा चिन्हं असली तरी हात तीन-चार चिन्हांवरच जातो.

पायरी १: वीज मोजा

यंत्रावर लिहिलेल्या वॅटना घरातल्या व्होल्टनी भागलं की अँपिअर मिळतात. २,००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. म्हणजे दिव्या-पंख्यासाठीचं ५-६ अँपिअरचं सॉकेट बाद. १५-१६ अँपिअरचं पॉवर सॉकेटच हवं. ओट्यावर ठेवायचे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर, म्हणजे ओटीजी, साधारण ८०० ते २,००० वॅटचे असतात. कपाटात बसवायचे बिल्ट-इन ओव्हन बहुधा अडीच ते साडेतीन किलोवॅटचे असतात. वर चुली आणि खाली ओव्हन असं एकत्र यंत्र म्हणजे रेंज. चार चुली आणि ओव्हन असं सगळंच विजेवर चालणारी रेंज दहा किलोवॅटच्या आसपास जाऊ शकते. तिला सॉकेट पुरत नाही. मेन बोर्डापासून वेगळी वायर आणि वेगळा एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, लागतो. जिथे घरातली वीज १२० व्होल्टची असते, तिथेही अशा रेंजसाठी २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन ओढतात, ती याच कारणाने.

इथे मायक्रोवेव्हबद्दल एक खोच आहे. त्याच्या खोक्यावर ठळक छापलेले ९०० वॅट म्हणजे पदार्थापर्यंत पोहोचणारी शक्ती. भिंतीतून तो त्याच्या दीडपटीच्या आसपास वीज घेतो. मागच्या पट्टीवर 'इनपुट' म्हणून दिलेला आकडा वाचा, सॉकेटचा हिशेब त्यावरून करा.

ओव्हनचा भार दोन-चार मिनिटांत संपत नाही, तासभर चालतो. सैल पिनचं सॉकेट किंवा बारीक वायर एवढ्या वेळात चांगलीच तापते. त्यामुळे एक्स्टेन्शन बोर्डावर ओव्हन लावायचा विचार सोडून द्या, आणि त्याच लाइनवर आणखी एखादं जड यंत्र आहे का ते इलेक्ट्रिशियनला तपासायला सांगा. अर्थिंगही त्याच फेरीत बघून घ्या. ओव्हनचं अंग धातूचं असतं आणि आपण त्याला ओल्या हाताने शिवतो, त्यामुळे यात तडजोड नको.

वीज वारंवार जात असेल तर चुली गॅसवर आणि ओव्हन विजेवर ही विभागणी सोयीची पडते, कारण चूल काडीने पेटवता येते. गॅसचा ओव्हन मात्र वीज नसताना चालेलच असं धरू नका. काही ओव्हनमध्ये गॅस पेटवण्यासाठी विजेवर लाल होणारी कांडी असते. ती तापल्याशिवाय गॅसची झडप उघडत नाही. विकत घेण्याआधी हा प्रश्न थेट विचारा.

पायरी २: गॅस कुठला येतो?

सिलिंडरमधला एलपीजी आणि पाइपमधून येणारा नैसर्गिक वायू ही दोन वेगळी इंधनं आहेत. एक घनमीटर नैसर्गिक वायूतून साधारण ३८ मेगाज्यूल उष्णता निघते, तेवढ्याच प्रोपेनमधून ९० च्या वर. म्हणून एलपीजीच्या बर्नरमधल्या जेटचं, म्हणजे गॅस सोडणाऱ्या तोटीचं, भोक बारीक असतं, पाइपच्या गॅसचं मोठं. नैसर्गिक वायूचा जेट तसाच ठेवून एलपीजी जोडला तर ज्योत पिवळी, उंच आणि काजळी धरणारी होते, आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. उलटं झालं तर धोका कमी, पण ज्योत मरगळलेली.

रेंज कुठल्या गॅससाठी लावून आली आहे आणि दुसऱ्या गॅसचे जेट सोबत मिळतात का, हे विचारा. बदल करायची वेळ आली तर चुलींचे जेट सगळ्यांच्या लक्षात राहतात. ओव्हनच्या तळातला बर्नर आणि मंद आचेचा स्क्रू विसरला जातो. मग चुली ठीक चालतात, पण नॉब बारीक केला की ज्योत विझते किंवा फार मोठी राहते.

प्रत्येक बर्नरला, ओव्हनच्या बर्नरलाही, ज्योत विझल्यावर गॅस आपोआप बंद करणारी सोय असावी. ज्योतीच्या कडेला एक बारीक धातूची कांडी दिसते. ती तापली की काही मिलिव्होल्ट वीज तयार होते आणि तेवढ्यावर एक चुंबकी झडप उघडी राहते. ज्योत विझली, कांडी निवली, झडप बंद. अशा शेगडीचा नॉब पेटवताना काही सेकंद दाबून धरावा लागतो. विक्रेत्याने नाही सांगितलं तरी या खुणेवरून ओळखता येतं. ओव्हनच्या बंद पेटीत ही सोय नसेल तर तो मॉडेल सोडून द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ३: जागा

बिल्ट-इन ओव्हनचं सर्वाधिक चालणारं माप दर्शनी बाजूने सुमारे ६० सेंटिमीटर रुंद आणि तेवढंच उंच. त्यासाठी कपाटातला गाळा आतून साधारण ५६ सेंटिमीटर रुंद लागतो. 'साधारण' हा शब्द सुताराला सांगू नका. मॉडेल ठरल्यावर त्याच्या पुस्तिकेतला आराखडाच त्याच्या हाती द्या. त्या आराखड्यात मागे आणि खाली हवा खेळण्यासाठी फटी दाखवलेल्या असतात. दिसायला बरं म्हणून त्या बुजवल्या की ओव्हनचा थंड करणारा पंखा गरम हवाच फिरवत राहतो आणि आधी इलेक्ट्रॉनिक पॅनेल दगावतं. प्लग ओव्हनच्या थेट मागे आला तरी खोली कमी पडते, म्हणून सॉकेट शेजारच्या गाळ्यात घ्या.

ओटीजी कुठेही मावतो असं वाटतं, पण त्याच्या बाजूंना आणि वर पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा लागते. बरेच उत्पादक दहा सेंटिमीटर किंवा जास्त सांगतात. भिंतीतल्या बंद कप्प्यात सरकवून तो चालवणं धोक्याचं.

दार उघडून बघा, निदान मनात. खाली पडणारं दार समोर अर्धा मीटर जागा खातं, त्यापुढे गरम ट्रे घेऊन मागे सरकणारा माणूस उभा असतो. स्वयंपाकघर अरुंद असेल तर बाजूला उघडणारं दार बघा. ओव्हन कमरेच्या वर बसवता आला तर पाठ आणि गुडघे दोन्ही वाचतात, आणि लहान मुलांचे हात तापलेल्या काचेपासून दूर राहतात.

जमिनीवर उभी राहणारी रेंज घेणार असाल तर एक लोखंडी पट्टी विसरू नका. उघड्या दारावर जड भांडं ठेवलं, किंवा मूल त्यावर चढलं, तर अख्खी रेंज पुढे कलंडू शकते. वर उकळतं पातेलं असतं. हे टाळण्यासाठी मागच्या पायाला अडकवायची पट्टी सोबत येते. बसवणारा माणूस ती खोक्यातच ठेवून जाऊ शकतो, तेव्हा समोर उभं राहून बसवून घ्या.

जिना, लिफ्ट आणि घराचं दार मोजायला पाच मिनिटं लागतात.

पायरी ४: लिटर विसरा, ट्रे मोजा

लिटर म्हणजे रुंदी, उंची आणि खोलीचा गुणाकार. त्यातली उंची बहुतेक वेळा रिकामीच असते. एक ओव्हन आतून ४० सेंटिमीटर रुंद, ३० उंच, ३० खोल; दुसरा ३६ रुंद, २५ उंच, ४० खोल. दोन्ही ३६ लिटरचे. पहिल्यात तळाची जागा १,२०० चौरस सेंटिमीटर, दुसऱ्यात १,४४०. बिस्किटांची एक पूर्ण रांग दुसऱ्यात जास्त बसेल. याउलट उंच पाव किंवा अख्खी कोंबडी करणाऱ्याला पहिला बरा.

आपला सर्वांत मोठा ट्रे किंवा केकचं भांडं घ्या आणि त्याच्या चारी बाजूंना अडीच-तीन सेंटिमीटर वाढवून पुठ्ठा कापा. ही मोकळी जागा हवेसाठी आहे. ट्रे भिंतीला टेकला की गरम हवा वर जात नाही, खालचा भाग करपतो आणि वरचा कच्चा राहतो. तो पुठ्ठा दुकानात न्या आणि जाळीवर ठेवून दार लावून बघा. विक्रेता हसेल, हसू द्या.

मग स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवा की या यंत्रात काय होणार आहे. केक, बिस्किटं यांना स्थिर, मध्यम उष्णता लागते, १६० ते १८० अंश सेल्सिअसची, आणि वरची-खालची कॉइल वेगळी चालू करता आली पाहिजे. पाव आणि पिझ्झा यांना जोर लागतो. २५० अंशांपर्यंत न जाणारा ओव्हन त्यांना अपुरा. भाज्या, मांस खरपूस भाजायचं तर पंखा कामी येतो, कारण पृष्ठभाग कोरडा होऊन १४० अंशांच्या वर गेल्याशिवाय तो तांबूस रंग आणि वास येतच नाही. आणि उरलेलं अन्न गरम करणं हेच मुख्य काम असेल तर तुम्हाला ओव्हन नकोच आहे, साधा मायक्रोवेव्ह हवा आहे.

पायरी ५: उष्णता कुठून येते ते बघा

इथे थोडं रेंगाळायला हवं, कारण नावं अनेक असली तरी फरक एवढाच असतो की उष्णता कुठे तयार होते आणि पदार्थापर्यंत कशी जाते.

साध्या विजेच्या ओव्हनमध्ये एक कॉइल वर, एक खाली. मोठ्या पेटीत दोन्ही पदार्थापासून लांब असतात, भिंती तापतात आणि सगळीकडून सारखी उष्णता येते. छोट्या ओटीजीत मात्र पदार्थ कॉइलच्या अगदी जवळ असतो, शेकोटीला खेटून बसलेल्या माणसासारखा, एका बाजूने भाजलेला. त्यामुळे लहान ओटीजीत केकचा माथा लवकर काळवंडतो. उपाय सोपे आहेत: खालची जाळी वापरणं, अर्ध्या वेळानंतर वर फॉइल झाकणं, भांडं एकदा फिरवणं. पण घ्यायचाच असेल तर वीस लिटरच्या आतला ओटीजी टोस्ट आणि ग्रिलपुरता समजावा.

पंखा आला की हवा हलते, पदार्थाभोवतीचा गार थर उडून जातो आणि काम लवकर होतं. म्हणून पाककृतीत साध्या ओव्हनचं तापमान दिलं असेल तर पंख्यावर ते २० अंशांनी कमी करतात. 'कन्व्हेक्शन' या एका शब्दाखाली मात्र दोन गोष्टी विकल्या जातात. एकीत वरखालच्या कॉइलची उष्णता पंखा नुसती ढवळतो. दुसरीत पंख्याभोवती स्वतःची गोल कॉइल असते आणि तापलेली हवाच आत फेकली जाते. दोन-तीन ट्रे एकाच वेळी भाजायचे असतील तर दुसरीच हवी, नाहीतर ट्रेंची वर-खाली अदलाबदल करत बसावं लागेल. आणि पंखा बंद करता येतो ना, हे जरूर बघा. हलकं बॅटर पंख्याच्या झोतात एका बाजूला झुकतं आणि वर लवकर कवच धरतं.

गॅस ओव्हनमध्ये बर्नर तळाशी असतो. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, त्यामुळे आतली हवा दमट राहते. पाव, मांस कोरडं पडत नाही, पण खुसखुशीत बिस्किटांना वेळ लागतो. वरची जाळी खालच्यापेक्षा जास्त तापते, आणि अगदी कमी तापमान स्थिर ठेवणं त्याला अवघड जातं. नाजूक बेकिंग हा ज्यांचा छंद आहे त्यांनी चुली गॅसच्या आणि ओव्हन विजेचा अशी 'ड्युअल फ्युएल' रेंज बघावी.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह हा तडजोडीचा पर्याय आहे, आणि जागा कमी असेल तर ती तडजोड चांगली आहे. त्याच्या मायक्रोवेव्ह लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. त्यामुळे आत जास्त तापणारे आणि कमी तापणारे ठिपके तयार होतात आणि पदार्थ फिरत्या काचेवर ठेवावा लागतो. ती फिरती काचच बेकिंगच्या वेळी अडचण होते: चौकोनी ट्रे अडतो, गोल भांड्याचाही व्यास मर्यादित. कमाल तापमान बऱ्याच मॉडेलमध्ये २००-२३० अंशांवर थांबतं. केक छान होतो, पिझ्झा जेमतेम.

एअर फ्रायर म्हणजे जोरदार पंख्याचा छोटा ओव्हन, बाकी काही नाही. दोघांच्या घरात तो पुरतोही. वाफेचा ओव्हन पाव करणाऱ्यांना खरोखर उपयोगी आहे, पण पाणी जड असेल तर क्षार काढण्याचं काम नियमित करायची तयारी ठेवा.

पायरी ६: एकत्र रेंज की वेगळं वेगळं?

रेंज घेतली की चूल आणि ओव्हन एकाच खरेदीत, एकाच जागी. सुतारकाम जवळजवळ नाही. घर बदललं तर ती सोबत नेता येते, म्हणून भाड्याने राहणाऱ्यांना मी रेंज किंवा ओटीजीच सुचवेन. तोटा हा की एक भाग कायमचा बिघडला तर दोन्ही बदलावे लागतात. स्वतःच्या घरात वेगळा हॉब, म्हणजे ओट्यात बसवलेली शेगडी, आणि वेगळा ओव्हन जास्त वर्षं निभावतो.

वरच्या चुली कशाच्या? गॅसच्या ज्योतीतली जेमतेम ३०-४० टक्के उष्णता भांड्यात जाते, बाकी स्वयंपाकघर तापवते. इंडक्शनमध्ये काचेखालच्या कॉइलमधून वेगाने दिशा बदलणारा विद्युतप्रवाह जातो आणि भांड्याचा तळ स्वतःच तापतो, म्हणून सुमारे ८५ टक्के उष्णता कामी येते. अट एकच, तळाला चुंबक चिकटला पाहिजे. बिडाची आणि बरीच स्टीलची भांडी चालतात, नुसत्या अ‍ॅल्युमिनियमची आणि तांब्याची नाहीत. घरातली सगळी भांडी चुंबकाने तपासा आणि बाद होणाऱ्यांचा ढीग बघूनच निर्णय घ्या. चार कॉइलच्या इंडक्शनमध्ये दोन-दोन कॉइल शक्ती वाटून घेतात, त्यामुळे एकीवर 'बूस्ट' दिला की शेजारची मंदावते. हा बिघाड नव्हे. घरात कुणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालू इंडक्शनपासून ६० सेंटिमीटर लांब राहावं, असा सर्वसाधारण सल्ला असतो.

गॅसवर स्वयंपाक होत असेल तर नायट्रोजन डायऑक्साइड घरात तयार होतोच. धूर बाहेर सोडणारी चिमणी किंवा निदान उघडी खिडकी हवी. हवा गाळून परत आत सोडणारी चिमणी तेलकटपणा आणि वास घेते, कार्बन मोनॉक्साइड आणि बाष्प नाही.

पायरी ७: दुकानात हात लावून बघायच्या गोष्टी

दार अर्धं उघडून सोडा. चांगली बिजागरी ते तिथेच धरते. दाराभोवतीची रबरी कड सगळीकडे सारखी बसलेली आहे का, आणि ती पुढे बदलून मिळते का? जाळी अर्ध्याहून जास्त बाहेर ओढा. ती खाली झुकायला नको, मागे अडकणारा थांबा हवा. नॉब ओट्याच्या कडेला असतील तर ते तापतात का, हे त्या मॉडेल वापरणाऱ्यांना विचारा. टच पॅनेल सुंदर दिसतं, पण ओल्या किंवा पिठाच्या हाताने रुसतं. मला नॉबच आवडतात.

थर्मोस्टॅटवर अंश लिहिलेले हवेत. नुसतं 'कमी-मध्यम-जास्त' असेल तर नको. जुन्या ब्रिटिश पाककृतींत तापमानाऐवजी 'गॅस मार्क' दिसतो. तो १९२३ मध्ये आलेल्या 'रेग्युलो' या थर्मोस्टॅटच्या आकड्यांवरून आला. मार्क ४ म्हणजे १८० अंश.

सफाईचे प्रकार तीन. पायरोलिटिक ओव्हन ५०० अंशांच्या जवळ जाऊन आतला तेलकट थर जाळून राख करतो. तेव्हा दार कुलूपबंद होतं, जाळ्या आधी बाहेर काढाव्या लागतात आणि खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. घरात पाळलेले पक्षी असतील तर ते या वेळी तिथे नसावेत, कारण नॉन-स्टिक लेप फार तापला की निघणारे वायू त्यांना मारू शकतात. कॅटॅलिटिक म्हणजे बाजूच्या खरबरीत पट्ट्या, ज्या भाजताना उडालेलं तेल २०० अंशांच्या पुढे जाळतात. तळ आणि दार मात्र आपणच पुसायचं. वाफेची सफाई म्हणजे तळात पाणी घालून तापवणं, डाग सुटतात आणि फडक्याने निघतात. आठवड्यातून दोनदा मांस भाजत असाल तर पायरोलिटिकचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. फक्त केक करणाऱ्याला ते वाया.

हमीच्या वर्षांपेक्षा सुटे भाग महत्त्वाचे. कॉइल, थर्मोस्टॅट, रबर, दिवा आणि दाराची काच यांबद्दल नाव घेऊन विचारा आणि सर्व्हिस सेंटर किती लांब आहे तेही.

पायरी ८: घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत

पहिल्यांदा रिकामा ओव्हन जास्तीत जास्त तापमानावर अर्धा तास चालवा. कारखान्यातलं तेल जळून धूर येईल, खिडकी उघडी ठेवा. या पहिल्या वेळी, किंवा ओव्हन महिनोन्‌महिने पडून राहिल्यावर, गळती ओळखणारा ट्रिप स्विच पडू शकतो. कॉइलच्या नळीत भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दमट झालेली असू शकते. पुन्हा पुन्हा पडत राहिला तर मात्र कंपनीच्या माणसाला बोलवा, स्विच बदलून पळवाट काढू नका.

मग स्वतंत्र ओव्हन थर्मामीटर मधल्या जाळीवर ठेवा, १८० अंश लावा आणि वीस मिनिटांनी वाचायला सुरुवात करा. दर पाच मिनिटांनी पाच-सहा नोंदी घ्या. कॉइल चालू-बंद होत असल्याने काटा दहा-पंधरा अंश वरखाली होणारच. सरासरी बघायची आहे. ती सतत २० अंश कमी येत असेल तर नॉब तेवढा पुढे लावून काम भागतं. काही ओव्हनमध्ये ही दुरुस्ती सेटिंगमध्येच करता येते. ३०-४० अंशांचा फरक असेल, किंवा दर वेळी वेगळाच आकडा येत असेल, तर ओव्हन बदलून मागा.

शेवटची चाचणी पावाच्या स्लाइसची. अख्ख्या जाळीवर शेजारी शेजारी स्लाइस मांडा, १८० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवा आणि रंग येऊ लागला की बाहेर काढून त्याच क्रमाने ओट्यावर लावा. कुठला कोपरा काळा, कुठला पांढरा ते समोर दिसतं. थोडा फरक प्रत्येक ओव्हनमध्ये असतो. अर्धी जाळी पांढरी आणि अर्धी जळालेली असेल तर फोटो काढा आणि बिल शोधा.